दुसरा हात

गुंजाळ पोरांना रोज सकाळी दोन-दोन हात मारायचे. रांगेत उभं करून. आणि तेच त्यांचं काम होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण यावरून एकदा गेटवर मोठा तमाशा झालेला आहे.

हात म्हणजे रंगाचा हात. भिंतीला पहिला हात देतात, तो सुकला की मग दुसरा देतात, तसला. गुंजाळ परभणीकडचे. तीस वर्षं मोटारींना रंग मारत होते, आधी पिंपरीत, मग चाकणला. रिटायर झाले आणि आमच्या समर कॅम्पला लागले. तिथं मोटारींच्या जागी पोरं होती आणि रंगाच्या जागी उन्हाची क्रीम. त्यांच्या लेखी एवढाच फरक.

यंदाचा कॅम्पचा कागद आलाय, गुळगुळीत. त्यात एक ओळ आहे, 'आमची प्रशिक्षित सनकेअर टीम'. मी चौथीतून उठलेला माणूस, मला वाचायला वेळ लागतो, पण ती ओळ वाचली आणि गुंजाळ आठवले. टीम कसली, एकटा माणूस होता. आणि प्रशिक्षण म्हणाल तर सगळं बंपरवर झालेलं.

कॅम्प भरतो तो निघोज्याच्या हद्दीत. आधी ते माझ्या चुलतभावाचं कांद्याचं रान होतं. त्याच्या पोरानं, तेजसनं, तिथं टर्फ टाकलं. टर्फ म्हणजे प्लॅस्टिकची हिरवळ, चारी बाजूंनी आणि वरून जाळी. एरवी कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तिथं क्रिकेट खेळतात. मे महिन्यात सकाळी नऊ ते साडेबारा लहान मुलांचा कॅम्प. त्याच रानात भर उन्हात कांदा काढण्यात आमच्या बायकांचे जन्म गेले, त्याला कुणी कॅम्प म्हणालं नाही. आता मोशीच्या सोसायट्यांतली माणसं फी भरून पोरं उन्हात सोडतात आणि गाडीत एसी लावून हिंजवडीला जातात.

तेजस घरी मला तात्या म्हणतो. गेटवर मात्र मी त्याला सर म्हणायचं, असं ठरलेलं. माझी बायको फेब्रुवारीत गेली. मी घरात नुसता भिंतीकडं बघत बसायला लागलो, म्हणून मुलानं मला त्या गेटवर आणून बसवलं. म्हणाला, "चार पोरं दिसतील, बरं वाटेल." चार कसली, साठ दिसली. बरं काही वाटलं नाही. पण कान असे किटायचे की स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, तेवढंच सुख.

पहिल्या दिवशी तेजसनं फुगवायचं पाण्याचं टाकं मांडलं. पोरं उघड्या अंगानं अकरापर्यंत डुंबली. दुसऱ्या दिवशी सात-आठ जणांच्या खांद्यांची सालं निघालेली. आया ग्रुपवर तुटून पडल्या. तेजस मला म्हणतो, "तात्या, आपल्या कातडीला कुठं काय होतं हो? हे गोऱ्या लोकांचे चोचले. तुमच्या लहानपणी असलं काय होतं का?"

म्हटलं, "आमच्या लहानपणी अंगात सदरा असायचा, सर. आन् अकराला आमी घरात असायचो. म्हसरंबी झाडाखाली असायची."

त्यानं क्रीमच्या बाटल्या आणल्या आणि जाळ्या बांधायला, पाण्याचा कूलर भरायला ठेवलेल्या गुंजाळांपुढं धरल्या. गुंजाळांनी हात पाठीमागं नेले. टेबलावर ठेवा म्हणाले. मग वाकून बाटलीकडं बघितलं, अडगळीत सापाकडं बघतात तसं.

"सर, यात सिलिकॉन हाय का?"

"काय?"

"सिलिकॉन. असंल तर मी शिवत नाही."

भानगड अशी होती. मोटारीचा रंग म्हणे फार नाजूक. कामगाराच्या केसाचं तेल, तोंडाची क्रीम, कसलाही चिकट अंश रंगात उतरला तर रंग फाटतो, बारीक बारीक खड्डे पडतात आणि अख्खी गाडी परत घासावी लागते. म्हणून पेंटशॉपात तेल, क्रीम, अत्तर, सगळं बंद. तीस वर्षं या माणसानं डोक्याला तेलाचा थेंब लावला नव्हता. केस म्हणजे काथ्या. स्वतःच्या लग्नात हळद लागली तीसुद्धा साबणानं घासून काढली आणि चौथ्या दिवशी कामावर हजर. हे ते अभिमानानं सांगायचे. "बायको म्हणली, माझ्यापेक्षा गाडीला भेता. म्हणलं, हौ."

तेजसला हसू आवरेना. "अहो मामा, ही पोरं आहेत. गाड्या नाहीत."

गुंजाळ हसले नाहीत. म्हणाले, "मग तर लईच जपावं लागंल. गाडी परत घासता येती."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाइन बसवली. चुन्याची रेघ मारली, तिच्यावर पोरं उभी. पहिला नियम, जॉबला उघडा हात लावायचा नाही. जॉब म्हणजे पोरगं. त्यांनी स्वतः कुठल्या पोराला कधी बोट लावलं नाही. क्रीम पोराच्या तळहातावर ओतायची, ज्याची त्यानं फासायची, मानेला आणि पाठीला कॅम्पवरच्या ताया लावणार. गुंजाळ मात्र रांगेतून फिरणार, मान वाकडी करून. सरळ बघितलं की डाग दिसत नाही, तिरकं बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. लांब दांड्याचा एक आरसा होता त्यांच्याकडं, गाडीच्या पोटाखाली घालून बघायचा. तो पोरांच्या मानेमागं धरायचे.

"कड सुटली," म्हणायचे. "रंग मधून कधी जात नाही. कडंनं जातो."

आणि खरं होतं ते. गाल कुणीही माखतं. राहतात त्या कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू आणि मुलींचा भांग. भांग कुणाच्या ध्यानातच येत नाही. गुंजाळ तायांना म्हणाले, "बगा की, डोक्याच्या मधोमध उन्हाला रस्ता काढून दिलाय. वर टोपी नको?"

पहिला हात झाला की दम द्यायचा. पंधरा मिनिटं गप बसायचं, पुसायचं नाही, गवतावर लोळायचं नाही. मग दुसरा हात. मग खेळ. आणि खेळाच्या मधे मधे गुंजाळ स्वतः चप्पल काढून टर्फवर उभे राहायचे आणि आकडे मोजायचे. वीसपर्यंत पाय टिकला तर खेळ चालू. दहाच्या आत उचलावा लागला तर हात वर करून ओरडायचे, "लाइन बंद!" आणि पोरं पळत सावलीला. माती तापते ती सांगून तापते, प्लॅस्टिक तापतं ते न सांगता. साडेदहालाच लाइन बंद व्हायला लागली. तेजसचा जीव जायचा, कारण फोटोला उजेड अकराला चांगला असतो.

"मामा, थोडं ऊन पाहिजे हो पोरांना. व्हिटॅमिन डी."

"सकाळी सातला घ्या की सर. पण तुमी उठता नऊला."

आता तो तमाशा. कंपनीत शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला काय झालं, काय राहिलं ते सांगायचं असतं. गुंजाळ तसं प्रत्येक आईबापाला सांगायचे. एक बाई मुलाला न्यायला आल्या, कानात फोनची बोंडं, हातात गाडीची किल्ली.

गुंजाळ म्हणाले, "मॅडम, लेकराला सकाळी दोन हात बसले."

बाईंनी एक बोंड काढलं. "काय बसले?"

"दोन हात. पण वळवळ लई करतंय. कानाखाली राहिलंच. उद्या कानाखाली नीट लावतो."

दुसरं बोंड खाली पडलं. "तुम्ही कोण लावणारे? मी आजपर्यंत ह्याच्यावर हात उचललेला नाही!"

"तेच म्हणतोय मी मॅडम," गुंजाळ म्हणाले, अगदी शांतपणे. "घरनं निघतानाच एक बसला तर इथं दुसरा पुरतो. तुमाला टाइम नसंल तर मिस्टरांना सांगा."

बाईंनी एका हातानं पोराला मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं तेजसला फोन लावला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मी मधे पडलो, "बाई, रंगाचा हात म्हणतोय तो, रंगाचा!"

"माझ्या मुलाला रंग लावला?"

शेवटी ते पोरगंच वैतागून म्हणालं, "मम्मा, कोट. सनस्क्रीनचे टू कोट्स." मग उजेड पडला. पोटचं पोर इंग्रजीत बोललं तेव्हा बाईंना मराठी कळली. संध्याकाळी ग्रुपवर त्यांनीच लिहिलं की कॅम्पची टू-कोट पॉलिसी फार छान आहे. तेजसनं ती दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावली, खाली स्वतःची सही करून. गुंजाळांना दाखवली तर म्हणाले, "ऑफिसात असंच असतंय."

माझ्याशी ते फार बोलायचे नाहीत. माझ्या बायकोचं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. येणारा जाणारा मला म्हणायचा, तात्या सावरा, तात्या मन रमवा. गुंजाळ एकदा डबा खाताना म्हणाले, "किती दिवस झाले?"

"तीन महिने होतील."

"लवकर आणलं तुमाला पोरानं," म्हणाले. "वल्यावर दुसरा हात मारला. पोपडे धरतात." आणि लोणच्याची फोड माझ्या झाकणात टाकली. एवढंच. त्यानंतर कुणी मन रमवा म्हणालं की मला राग यायचा बंद झाला. माणसाला रंगकाम येत नसेल तर तो तरी काय करणार.

सावलीचा प्रश्न मात्र होताच. वर जाळी होती, पण ती चेंडू अडवायला. ऊन काही चेंडू नव्हे. गुंजाळ रोज तेजसकडं शेडनेट मागायचे, तेजस रोज "बघू" म्हणायचा. आमच्या भागात एका गोष्टीला तोटा नाही, ती म्हणजे फ्लेक्स. आमच्या गावचे एक 'भावी नगरसेवक' आहेत. आमचं गाव महापालिकेत नाही, पण ते भावी आहेत. गेली कितीतरी वर्षं भावीच आहेत, त्यामुळं लोक त्यांना भावीसाहेबच म्हणतात. त्यांचा वाढदिवस झाला आणि चौकाचौकांतून उतरवलेले फ्लेक्स कंपाउंडला टाकून दिलेले होते. गुंजाळांनी ते उचलले, शिवले आणि टर्फच्या एका कोपऱ्यावर जाळीच्या वरून पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मधे मधे कापून भोकं पाडली.

खाली चटईवर झोपलेल्या पोरांना वर भावीसाहेब दिसायचे, उलटे, हात जोडलेले, एकाशेजारी एक पाच. भोक नेमकं एकाच्या चष्म्याच्या मधोमध आलं होतं, तिथून उन्हाचा कवडसा पडायचा. मी म्हटलं, "गुंजाळ, साहेबांनी बघितलं तर?"

"बघू द्या की. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुणाला सावली दिली."

तिसऱ्या आठवड्यात सई आली. सात वर्षांची. बाप चाकणच्या कंपनीत, निघोज्यातच भाड्यानं राहायची. फॉर्मवर 'त्वचेचा काही त्रास' असं विचारलेलं असतं, तिथं तिच्या आईनं नुसती आडवी रेघ मारली होती. पहिल्याच दिवशी गुंजाळांनी मान वाकडी करून तिच्या कपाळाकडं बघितलं, आणि आरसा पुढच्या पोराकडं नेला. आई न्यायला आली तेव्हा तिला बाजूला घेतलं. मी गेटवरच होतो.

"ताई, कपाळाला काय लावता?"

"काही नाही. पावडर."

"टचअप हाय ते. उद्या धुऊन पाठवा."

आई इकडंतिकडं बघायला लागली. "काका, लोक बघतात हो."

"लोकांचं राहू द्या. त्या टचअपवर माझा हात धरत नाही. घाम आला की दोन्ही निघतंय आन् खालचं उघडं पडतंय. जिथला रंग गेलाय तिथली कातडी आधी जळती. डॉक्टरनं सांगितलं असंल."

"सांगितलंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. "पण डॉक्टर काही आमच्या गल्लीत राहत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पोर धुतल्या तोंडानं आली. कपाळावर, एका पापणीवर आणि दोन्ही गुडघ्यांवर पांढरे डाग. आम्ही त्याला कोड म्हणतो. ग्रुपवर लगेच दोन आयांनी लिहिलं की आमच्या मुलांना क्रीमची बाटली वेगळी असावी. त्यांना नावं ठेवत नाही. मी स्वतः कूलरवर तिचा पेला बाजूला काढून ठेवला होता, खोटं कशाला लिहू. गुंजाळांनी ते पाहिलं. आले, तोच पेला उचलला, त्यातून दोनदा पाणी प्यायले आणि तो बाकीच्या पेल्यांत मिसळून ठेवला. नंतर मलाही तो ओळखू आला नाही.

सईनं त्यांना एकदा सरळ विचारलं, "आजोबा, मला काय झालंय?"

"वरचा रंग थोडा निघालाय. आतलं सगळं शाबूत हाय. म्हणून तुला तीन हात."

हे ऐकलं मात्र, सगळी पोरं ओरडायला लागली, "मला पण तीन! मला पण तीन!" तीन हात म्हणजे काहीतरी मोठा मान असं त्यांना वाटलं. सई रांगेत सगळ्यांत पुढं उभी राहायला लागली. आणि पळायला ती सशासारखी होती. शेवटच्या दिवशी पळण्याची शर्यत होती आणि त्या शर्यतीवाचून ती दुसरं काही बोलायची नाही.

शेवटच्या दिवशी पाहुणे म्हणून भावीसाहेब. वेळ दहाची. तेजसनं पोरांना बिनबाह्यांचे बनियन दिले होते, छातीवर कॅम्पचं नाव. दहापासून साठ पोरं टर्फवर रांगा लावून बसवली. व्हिडिओत तोंडं दिसावीत म्हणून टोप्या काढून घेतल्या. साडेदहा झाले, अकरा झाले. साहेब चौकात ट्रॅफिकला अडकलेत असा निरोप आला. मोटारी वाहणारे ते लांब ट्रेलर वळताना अडकले की आमच्याकडं भावी काय आणि आजी काय, सगळे सारखेच.

तेजस गुंजाळांना म्हणाला, "मामा, त्या सईला तेवढी मागं सावलीत बसवा." मग हळूच, "म्हणजे फोटोत बरं दिसत नाही. आणि तिलाही ऊन नकोच ना."

गुंजाळ तिच्यापाशी गेले. ती पहिल्या रांगेत बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. गुडघ्यांवरची पांढरी जागा लालबुंद व्हायला लागली होती.

"सई, चल सावलीला."

"सगळे चाललेत?"

"तू चल आधी."

"मी एकटी नाही येणार. मग शर्यतीत पण नाही घेणार मला. आई लपवते तसं लपवायचंय तुम्हाला पण."

मी गेट सोडून आत आलो होतो. मनात म्हटलं, आता काय करतो हा माणूस. उन्हात ठेवली तर पोर जळते, सावलीत नेली तर लपते.

गुंजाळ तसेच उभे राहिले. नंतर मला त्यांनी सांगितलं की कंपनीत लाइनवर एक दोरी असते. चूक दिसली की ती कुणीही ओढावी आणि लाइन थांबवावी, असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तीस वर्षांत एकदा त्यांना चूक दिसली होती. मागं साहेब उभे होते म्हणून हात वर गेला नाही आणि चाळीस गाड्या तशाच पुढं गेल्या. तेव्हापासून ती दोरी झोपेतही दिसते, म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. टर्फवर पाय ठेवला. मोठ्यानं मोजलं. सहाला पाय उचलला. आणि कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज चढवायची सवय असलेला तो माणूस ओरडला, "लाइन बंद!"

साठच्या साठ पोरं उठली आणि कोपऱ्यात फ्लेक्सखाली. सई त्यांच्यात मिसळून गेली, कोण कुठली कळेना. तेजस पळत आला. "मामा, अहो काय करताय! साहेब गेटवर आलेत!"

"येऊ द्या. सावलीला जागा हाय."

भावीसाहेब आले. पुढं रिकामं टर्फ. मग कोपऱ्यातली पोरं दिसली. मग त्यांनी वर बघितलं. वर ते स्वतः, उलटे, पाच वेळा, एकाच्या चष्म्यातून ऊन गळतंय. तेजस पांढरा पडला. एक पोरगं म्हणालं, "काका, हे तुम्ही?"

राजकारणी माणूस उगाच भावी होत नाही. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो बाळा. तुमच्यावर सावली मीच धरलीय." मागच्या कार्यकर्त्यांनी टाळ्या पिटल्या. मग साहेबांनी उन्हाळा, झाडं आणि भावी पिढी यांच्यावर पंचवीस मिनिटं भाषण केलं, स्वतःच्या सावलीत उभं राहून.

शर्यत राहिली होती. टर्फवर पाय ठेवायची सोय नव्हती. गुंजाळांनी पोरं मागच्या बोळात नेली. तिथं गोदामाची उंच भिंत आहे, पूर्वेला. पावणेबारा झाले होते, भिंतीची सावली जेमतेम एका पोराएवढी रुंद उरली होती. गुंजाळांनी सांगितलं, "भिंतीला धरून पळायचं. सावलीच्या भाईर पाय गेला की बाद."

अशी शर्यत मी जन्मात बघितली नाही. एकामागं एक, मुंग्यांसारखी, कुणाला कुणाच्या पुढं जाता येईना. जे पुढं उभं तेच पहिलं. आणि पुढं उभी होती सई, कारण रांगेत ती रोजच पुढं. मोकळ्या रानात पळवली असती तरी तीच पहिली आली असती, हे माझं मत. साहेबांनी तिच्या गळ्यात मेडल घातलं, लांबूनच, बोटं लागणार नाहीत अशा बेतानं. तिला त्याचं काही नव्हतं. ती मेडल दातानं चावून बघत होती.

तेजस गुंजाळांवर उखडला. कॅम्प संपलेलाच होता, त्यामुळं आजपासून येऊ नका म्हणता येईना. म्हणून म्हणाला, पुढच्या वर्षीपासून येऊ नका. आणि दुपारी त्यानंच फ्लेक्सखालच्या पोरांचा व्हिडिओ टाकला, 'तालुक्यातला पहिला सावलीतला कॅम्प'. लोकांनी मोबाइलवर लाल बदाम पाठवले.

त्यानंतर गुंजाळ मला भेटले नाहीत. मुलीकडं परभणीला गेले असं कळलं. फोन लागत नाही.

त्या शेवटच्या दिवशी साडेबाराला गेट उघडलं तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडं शेअर रिक्षाची वाट बघत उभे होते. सईची आई स्कूटर घेऊन आली. तिनं सवयीनं ओढणीएवढा स्कार्फ काढला आणि पोरीच्या तोंडाला गुंडाळायला लागली. सईनं तो ओढून काढला आणि रस्त्यावर फेकला. "आता कशाला लपवतेस? मी पहिली आलेय!" आणि रडायला लागली. आई तिथंच उभी, हात अर्धे वर.

"ए सई!" पलीकडून गुंजाळ ओरडले. "उचल ते. बांध."

पोरीनं असं बघितलं त्यांच्याकडं, की मीच नजर खाली घातली. "तुम्ही पण?"

"ऊन बग की किती हाय! रस्त्यानं बग, सगळ्या बाया बांधून चालल्यात. आईला विचार, तिचा कुठाय."

आईला कळलं. तिनं डिकीतून दुसरा स्कार्फ काढला आणि आधी स्वतःच्या तोंडाला गुंडाळला, डोळे तेवढे उघडे ठेवून. सई तिच्याकडं बघत राहिली. मग पलीकडं ओरडली, "उन्हासाठी ना?"

"उन्हासाठीच!"

तिनं खाली पडलेला स्कार्फ झटकला आणि स्वतःच्या हातानं बांधला. वाकडातिकडा, पण तिचा तिनं. मेडल बाहेर ठेवलं. स्कूटर निघाली आणि चौकाकडच्या गर्दीत शिरली. तिथं पुढंमागं सगळीच डोकी बांधलेली, त्यातली आपली कुठली ते कळेना.

गुंजाळ कपाळावर हात आडवा धरून तिकडंच बघत होते. एक रिक्षा त्यांच्यापुढं थांबली, दोनदा हॉर्न मारला आणि निघून गेली. त्यांचं लक्षच नव्हतं.